मी सकाळी हसणार नाही

गेल्या श्रावणात आमच्या फॅमिली डॉक्टरांनी माझ्या दंडाला पट्टा बांधला, रबरी फुगा दाबला, काट्याकडे पाहिलं आणि "हं" म्हणाले. डॉक्टरांचं "हं" आणि इन्स्पेक्शनला आलेल्या साहेबांचं "हं" यांत मला वीस वर्षांच्या नोकरीत फरक करता आलेला नाही. दोन्हींच्या नंतर आपल्या हातात काहीतरी लेखी पडतं. मलाही चिठ्ठी मिळाली. तीन ओळी होत्या. पहिली एका गोळीची, दुसरी मीठ कमी करण्याची. तिसरी मला लागली नाही. डॉक्टरांचं अक्षर लावायचा एक वेगळा अभ्यासक्रम असतो आणि तो फक्त केमिस्टांना शिकवतात, असा माझा समज असल्यामुळे मी तडक नाक्यावरच्या केमिस्टकडे गेलो. त्याने गोळी दिली, दुसऱ्या ओळीवरून नुसतं बोट फिरवलं, तिसऱ्या ओळीकडे चष्मा कपाळावर चढवून पाहिलं, आत जाऊन दोन खण उघडले, मिटले, आणि परत येऊन म्हणाला, "हे उद्या संध्याकाळी येईल. ठाण्याहून मागवावं लागतं. दुसऱ्या कंपनीचं चालेल का?"

घरी आल्यावर सौभाग्यवतींनी चिठ्ठी दिव्याखाली धरली. त्या प्राथमिक शाळेत शिक्षिका आहेत. पहिली-दुसरीच्या वह्या तपासून त्यांची नजर तयार झालेली आहे. त्यांनी खणखणीत आवाजात वाचलं, "रोज सकाळी वीस मिनिटं हसणे."

आता वाचकहो, मी डोंबिवलीत राहतो. सकाळची वीस मिनिटं हा डोंबिवलीकराच्या आयुष्यातला सगळ्यात महाग माल आहे. त्या वीस मिनिटांत दाढी, अंघोळ, डबा आणि फास्ट लोकल ही चारही बसवायची असतात. तिथे हसणं कुठे घुसडायचं? पण सौ.नी ते मनावर घेतलं. माझी कुठलीही गोष्ट तिने मनावर घेतली की ती माझ्या अंगावर येते. दुसऱ्या दिवशी सव्वासहाला मी बागेतल्या हास्यक्लबात उभा होतो. म्हणजे केला गेलो होतो.

पंचवीसेक मंडळी गोल करून उभी होती. बहुतेक सगळी निवृत्त. मुख्य होते ते अण्णा, पाटबंधारे खात्यातून ओव्हरसियर म्हणून सुटलेले. त्यांनी मला खालून वर पाहिलं. "नवीन का? हसता येतं ना?"

"येतं," मी म्हटलं, "पण सवय गेली आहे."

"होईल. महिन्याभरात होईल," असं त्यांनी ज्या स्वरात सांगितलं, त्या स्वरात कालव्याचं काम महिन्याभरात होईल असं त्यांनी हयातभर सांगितलं असणार.

सुरुवात टाळ्यांनी. हो हो, हा हा हा. मग सिंहहास्य. यात जीभ बाहेर काढून, डोळे फाडून, हातांचे पंजे करून समोरच्यावर गुरकावत हसायचं असतं. माझ्या समोर ज्या काकू होत्या त्यांची आमच्या शाखेत चार लाखांची मुदत ठेव आहे. (रक्कम बदलून सांगतो आहे, गोपनीयतेची शपथ घेतलेली आहे.) चार लाखांच्या मुदत ठेवीने सकाळी सव्वासहाला आपल्याकडे बघून जीभ बाहेर काढली तर क्लार्कने काय करावं, याबद्दल हेड ऑफिसचं परिपत्रक नाही. मीही जीभ काढली. मग मोबाईलहास्य: कानाला रिकामी मूठ लावून हसायचं. मग ताकहास्य: या हातातला नसलेला पेला त्या हातातल्या नसलेल्या पेल्यात ओतायचा आणि हसत हसत प्यायचा. आणि मग बिलहास्य आलं. क्रेडिट कार्डाचं बिल हातात आलं आहे अशी कल्पना करायची, त्याच्याकडे बोट दाखवायचं आणि खदखदून हसायचं.

इथे मात्र मी बँकेतला माणूस म्हणून हरकत घेतली. मी म्हटलं, "अण्णा, यावर हसत बसलं तर दंडव्याज लागतं." पंचवीसच्या पंचवीस माणसं हसायची थांबून माझ्याकडे पाहायला लागली. मला वाटलं चुकलं. तेवढ्यात त्या मुदत ठेववाल्या काकूंना फिस्सकन हसू आलं, त्यांच्या शेजारच्या आजोबांना आलं, आणि दोन मिनिटं गोल पार विस्कटून गेला. अण्णांनी शिट्टी वाजवली. "शिस्त! मधे विनोद करायचा नाही. हसण्यात व्यत्यय येतो."

मी अकरा दिवस गेलो. दहाव्या दिवशी अण्णांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की तुमचं हसू गळ्यातून येतं, पोटातून येत नाही, बेंबीच्या देठापासून आणा. अकराव्या दिवशी मी ते आणायला गेलो आणि त्याच्याबरोबर उचकी आली. ती शाखेत दुपारच्या जेवणापर्यंत टिकली. बाराव्या दिवसापासून मी गेलो नाही. पण घरात चौकशी सुरू झाली. "आज हसलात का?" हे "गोळी घेतलीत का?" च्या सुरात. एकदा तर तिने पुढे जोडलं, "आता हसून घ्या, म्हणजे रात्री विसरायला नको."

तेव्हा हा लेख. मी इथे लेखी नोंदवतो की मी सकाळी हसणार नाही. दुपारी आलं तर हसेन, संध्याकाळच्या गाडीत बहुतेक हसेनच, पण तब्येतीसाठी म्हणून हसणार नाही.

हास्यक्लबावर माझा राग नाही, हे आधी सांगून टाकतो. त्यांचा इतिहास मी वाचला आहे. 13 मार्च 1995 रोजी मुंबईत, अंधेरीच्या लोखंडवाला संकुलातल्या बागेत डॉ. मदन कटारिया यांनी पहिला क्लब काढला. पहिल्या दिवशी माणसं पाच. आज तो खटाटोप जगभर पसरला आहे आणि मे महिन्याच्या पहिल्या रविवारी जागतिक हास्यदिनसुद्धा असतो. यातली मला आवडलेली गोष्ट अशी की, सुरुवातीला ही मंडळी एकमेकांना खरोखरच विनोद सांगत. साधारण पंधरवड्यात चांगले विनोद संपले, उरले ते चारचौघांत, विशेषतः चारचौघींत, सांगण्यासारखे नव्हते. मग डॉक्टरांनी ठरवलं की विनोदाशिवायच हसायचं. माल संपला तरी दुकान उघडं ठेवायचं. माझ्यासारख्याला वाटलं असतं की विनोद संपले, आता घरी जावं, चहा घ्यावा. मोठी माणसं आणि क्लार्क यांत फरक राहतो तो असा.

माझं भांडण आहे ते त्या तिसऱ्या ओळीशी. हसणं औषधाच्या चिठ्ठीवर का गेलं?

आपल्या मध्यमवर्गाची एक खोड आहे. कुठलीही मजा आपल्याला मजा म्हणून घेता येत नाही, तिची पावती लागते. पथ्य म्हणून दिली की चालते. डोंगर चढायचा तर गुडघ्यांसाठी, गाणं ऐकायचं तर ताण उतरावा म्हणून, बागेत बसायचं तर प्राणवायूसाठी. तूप बंद होतं तोवर ते चोरून खायचं. आता ते चांगलं असतं असं कुणीतरी सांगितलं, तर चमच्याने मोजून आणि तोंड वाईट करून खातात. हसण्याचंही तेच झालं. समर्थांनी विनोद टवाळांच्या खात्यावर टाकला तेव्हापासून शहाणी माणसं जरा दबूनच हसत होती. मोठ्याने हसणाऱ्या मुलाला "दात काय काढतोस?" आणि मुलीला त्याहून जास्त काहीतरी ऐकावं लागे. हसण्याने फुप्फुसं साफ होतात असं कळल्यावर तीच शहाणी माणसं सव्वासहाला बागेत दात काढून उभी! फुकटचं होतं तोवर वाईट होतं, त्याला व्याज मिळतं म्हटल्यावर लगेच ठेव उघडली.

आणि मी वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्यामुळे ते व्याज नक्की कुठल्या खात्यावर जमा होतं हेही तपासून पाहिलं.

या औषधपंथाचा मूळपुरुष म्हणजे नॉर्मन कझिन्स हा अमेरिकन संपादक. 1964 साली त्याच्या पाठीच्या कण्याचे सांधे धरले, हलणंसुद्धा मुश्कील झालं. त्याने मार्क्स बंधूंचे जुने सिनेमे मागवून पाहिले, आणि दहा मिनिटं पोट धरून हसलं की दोन तास वेदनेशिवाय झोप लागते असं त्याच्या लक्षात आलं. 1976 साली त्याने हे डॉक्टरांच्याच नामांकित मासिकात लिहिलं, 1979 साली पुस्तक काढलं आणि 1990 पर्यंत जगला. उत्तम. पण पुढचा तपशील हे लोक सांगत नाहीत. सिनेमाचं यंत्र चालवायला नर्स होती, ती त्याला विनोदी पुस्तकंही वाचून दाखवी. त्याच्या हसण्याचा शेजारच्या रोग्यांना त्रास व्हायला लागला. शेवटी तो इस्पितळ सोडून हॉटेलात राहायला गेला, आणि तिथला खर्च इस्पितळाच्या एक तृतीयांश आला असं त्यानेच लिहून ठेवलं आहे. सांध्यांचं मला कळत नाही, पण इस्पितळाचं बिल दोन तृतीयांशाने उतरलं तर मी मार्क्स बंधूंशिवायसुद्धा हसेन.

दुसरे रॉबर्ट प्रोवाइन. हा प्राध्यापक माणसं कधी हसतात हे वहीत टिपत हिंडला. बाजारात, रस्त्यावर, बाराशे वेळा. त्याला आढळलं की हसण्याआधी जे बोललं गेलं त्यात विनोद म्हणता येईल असं शंभरात दहा-वीसच वेळा होतं. बाकी सगळं "बरंय, निघतो आता" छापाचं. आणि माणूस एकटा असताना हसतो त्याच्या तीसपट चारचौघांत हसतो. तीसपट! हा आकडा वाचून मला आमची लोकल आठवली. आमचा आठ जणांचा ग्रुप वीस वर्षं एका दाराशी उभा आहे. त्यातला एकही विनोद इथे छापून दाखवला तर तुम्ही पुस्तक परत कराल. एकजण रोज दिव्याला "आलं बघ तुझं सासर" म्हणतो आणि आम्ही रोज हसतो. वीस वर्षं. ज्याचं सासर दिव्याला होतं तो आता ग्रुपमध्येसुद्धा नाही. बदली होऊन नागपूरला गेला.

तिसरे ऑक्सफर्डचे रॉबिन डनबार. 2012 साली त्यांनी दाखवलं की मंडळी एकत्र बसून विनोदी चित्रफीत बघून खरोखर हसली की त्यांना दुखणं जास्त वेळ सोसतं. मेंदूत एन्डॉर्फिन सुटतं म्हणतात. दुखवायला काय वापरलं असेल? एक बर्फासारखी गार पट्टी, आणि दुसरा रक्तदाब मोजायचा पट्टा, आवळून आवळून. हे वाचल्यावर त्या पट्ट्याबद्दल मला वाटतं ते शास्त्रशुद्ध आहे याची खात्री पटली.

आता या तिघांचा हिशेब एकत्र मांडा. फायदा झाला? झाला. कुणी दिला? औषधपंथी म्हणतात, हा-हा-हा ने. माझ्या मते ही सरळसरळ राँग क्रेडिटची केस आहे. आमच्याकडे असं होतं. एका खातेदाराचे पैसे दुसऱ्याच्या खात्यावर पडतात, तो दुसरा खुशीत असतो, आणि पहिला काउंटरवर येऊन बोंबलेपर्यंत कुणाला पत्ता नसतो. हसण्याच्या नावावर जे जमा दिसतं त्यातलं बरंचसं चारचौघांचं आहे. नर्सचं आहे, दारात उभ्या आठ जणांचं आहे, आणि खुद्द हास्यक्लबातही ते सिंहाचं नसून त्या काकूंचं आहे, ज्यांचे यजमान गेल्यापासून त्यांना सकाळी "आज उशीर झाला का हो?" असं विचारणारं दुसरं कुणी नाही. त्यांनी जरूर जावं. जीभ नाही काढली तरी चालेल.

चारचौघे नसतील, किंवा असूनही मनावर दडपण असेल, तर नुसत्या हसण्याने काय होतं याचाही दाखला आहे. 1962 साली टांगानिकात, म्हणजे आजच्या टांझानियात, काशाशा गावच्या मुलींच्या शाळेत तीन मुली हसायला लागल्या त्या थांबेनात. त्यांचं बघून इतर लागल्या. मार्चमध्ये शाळा बंद करावी लागली. घरी पाठवलेल्या मुलींनी ते गावोगाव नेलं. कुणाचीही तब्येत सुधारली नाही. जाणकार म्हणतात की तो आनंद नव्हताच, ताण होता.

आणि दीर्घायुष्याचं म्हणाल, तर कॅलिफोर्नियातल्या सुमारे पंधराशे हुशार मुलांची 1921 पासून नोंद ठेवली गेली, आणि 1993 साली कुणी म्हातारपण पाहिलं, कोण लवकर गेलं हे तपासलं गेलं. लहानपणी हसरी, मजेत असणारी मुलं तुलनेने लवकर गेली. जास्त जगली ती नेमस्त, वक्तशीर, हिशेब चोख ठेवणारी. म्हणजे मी जगणार! पण या नियमाने जगणारा माणूस हसरा नसणार, आणि हसला तर जगणार नाही. हे मी सौ.ना दाखवलं. ती म्हणाली, "तुम्ही कुठे एवढे हसरे आहात?" मला धीर आला.

पुराव्यासाठी कॅलिफोर्नियापर्यंत जायलाही नको. ज्या राम गणेश गडकऱ्यांनी बाळकरामाच्या नावाने महाराष्ट्राला गडगडा लोळवलं, ते 1919 च्या जानेवारीत सावनेरला क्षयाने गेले. वय वर्षं तेहतीस. हसवणाऱ्याला हसण्यातून तब्येतीचा हप्ता मिळाला नाही. उलट, 1975 साली इंग्लंडात एक गवंडी टेलिव्हिजनवर 'द गुडीज' ही विनोदी मालिका बघताना हसता हसता गेला. त्याच्या बायकोने त्या कलाकारांना पत्र लिहिलं. मला वाटलं नोटीस असेल. तर तिने आभार मानले होते, त्याचे शेवटचे क्षण इतके आनंदात गेले म्हणून. त्या बाईला हसण्याचं जे कळलं ते माझ्या डॉक्टरांना कळायला हरकत नव्हती.

आमच्या बँकेत हसण्याची स्थिती निराळीच आहे. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात हास्याचे सहा प्रकार लावून दिले आहेत, आणि तेही दर्जानिहाय. उत्तम माणसांनी स्मित आणि हसित करावं, दात जेमतेम दिसतील इतकंच. मधल्यांनी विहसित, उपहसित. खालच्यांनी अपहसित, अतिहसित, म्हणजे डोळ्यांत पाणी, खांदे-डोकं हलतंय, बरगड्या धरल्या आहेत. ही वेतनश्रेणी आमच्या शाखेत जशीच्या तशी लागू आहे. मॅनेजर स्मित करतात. ऑफिसर विहसितापर्यंत जातात. आमचा प्यून अतिहसित करतो, आणि सगळ्यात सुखी तोच आहे. अपवाद फक्त रीजनल मॅनेजर विनोद सांगतात तेव्हा. तेव्हा सर्व श्रेणींना अतिहसित अनिवार्य असतं, आणि मॅनेजरांना थोडं आगाऊ. शिवाय "ग्राहकाशी सस्मित बोला" अशी पाटी आहे. ती पाळल्याबद्दल माझ्यावर एक तक्रार झालेली आहे. "माझा चेक परत गेल्याचे सांगताना सदर कर्मचारी हसत होता."

पण काउंटरवर खरं हसू येतं ते कुणी सांगितल्याने येत नाही. गेल्या नोव्हेंबरची गोष्ट. नोव्हेंबरात पेन्शनर हयातीचा दाखला द्यायला येतात. पूर्वी समोर उभं राहिलं की जिवंत धरत. आता मशीनवर अंगठा लागतो. एक आजोबा आले, ऐंशीच्या पुढचे, आयुष्यभर लेथवर काम केलेले. बोटांच्या रेषा घासून सपाट झालेल्या. मशीन काही केल्या मानेना. मी अंगठा पुसून बघितला, दुसरी बोटं बघितली. पाचव्यांदा नकार आल्यावर मागची रांग चुळबुळायला लागली. आजोबांनी मशीनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग मागे वळून बायकोला विचारलं, "काय गं, सकाळी मी चहा घेतला होता ना?" आजी म्हणाल्या, "दोनदा." आजोबा मला म्हणाले, "लिहा. साक्षीदार आहे."

रांग हसली, मी हसलो, केबिनमधले मॅनेजर त्यांची श्रेणी सोडून हसले. मग आम्ही कागदी दाखला भरून घेतला. तो नियमात आहे, फक्त वेळ जास्त लागतो. रांगेतलं कुणी कुरकुरलं नाही. नोव्हेंबरात ही घटना अपूर्व आहे.

आणि एक सांगतो. ते इथे सांगावं की नाही याचा मी दोन दिवस विचार केला.

माझे वडील 2016 साली गेले. साताऱ्याला. ते जिल्हा परिषदेत लेखा शाखेत होते, आणि आमच्या घरात हिशेबाची नोंद न होता फक्त श्वास घेता येत असे. आई अकरा दिवस बोलली नाही. रडलीही नाही. पानावर बसे आणि उठे. आत्या, काका, आम्ही भावंडं, सगळ्यांनी समजावून झालं. अकराव्या रात्री तेराव्याची यादी करायला मी कागद शोधत होतो, तेव्हा वडिलांच्या कपाटात एक लांबट वही सापडली. वर लाल शाईने नाव: "मी गेले म्हणजे कळेल."

हे आईचं वाक्य. ती ते कशावरही म्हणे. दूध उतू गेलं, कुणी पंखा चालू ठेवला, पाहुणे न सांगता आले, की "मी गेले म्हणजे कळेल." वडील कधी उत्तर देत नसत. 1983 पासून त्यांनी त्याची नोंद ठेवली होती. तारीखवार उभ्या रेघा, महिन्याची बेरीज, वर्षाची बेरीज, प्रत्येक पानाच्या खाली "पुढील पानावर" आणि प्रत्येक पानाच्या वर "मागील पानावरून". दिवाळीच्या महिन्यात आकडा फुगलेला. मी वही उघडी धरून उभा राहिलो. काकांनी ती घेतली आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. मला वाटलं त्यांना थांबवावं. त्यांनी 1991 च्या मे महिन्याशी येऊन वाचलं, "सौ. माहेरी. निरंक."

आईचे खांदे हलायला लागले. आत्याने तिला धरलं. आम्हाला वाटलं, सुटलं एकदाचं रडू. पण आई हसत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, मान हलत होती, आणि ती हसत होती. अकरा दिवसांनी पहिलं वाक्य बोलली ती असं: "खोटं आहे. त्या महिन्यात मी पत्रातून लिहिलं होतं."

मग जे काय झालं ते शेजारच्या घरातही ऐकू गेलं, कारण तिथला दिवा लागला. काका खाली बसले. आत्याला ठसका लागला. सुतकातलं घर, समोर तेराव्याची अर्धवट यादी, आणि आम्ही सगळे बरगड्या धरून. भरतमुनींनी अस्थानी केलेल्या, डोळ्यांत पाणी आणणाऱ्या हास्याला अपहसित म्हटलं आहे आणि ते खालच्या दर्जात टाकलं आहे. मुनींबद्दल मला आदर आहे. त्या रात्री ते आमच्या घरी नव्हते. थोड्या वेळाने आई म्हणाली, "भूक लागली आहे. दूधभात द्या." मग वही मागून घेतली आणि उशीखाली ठेवली. ती आजही तिच्याकडे आहे. आणि अजून ती ते वाक्य म्हणते. पण म्हटल्यावर क्षणभर थांबते.

ही वीस मिनिटं कुणी चिठ्ठीवर लिहून दिली असती तर आम्ही त्याला घराबाहेर काढलं असतं.

परवा महिन्याची तपासणी होती. डॉक्टरांनी पट्टा बांधता बांधता विचारलं, "काय, हसताय का रोज?"

मी खरं सांगून टाकलं. अकरा दिवस, सिंह, ताक, उचकी. आणि ओघात हेही निघालं की त्यांची तिसरी ओळ नाक्यावरचा केमिस्ट ठाण्याहून मागवणार होता, आणि दुसऱ्या कंपनीचं चालेल का म्हणून विचारत होता. डॉक्टरांनी फुगा सोडला. आधी नुसतेच माझ्याकडे पाहत राहिले. मग त्यांच्या कानांतली नळी निसटली. कंपाउंडर खिडकीतून डोकावला. त्याला काय झालं ते सांगावं लागलं, आणि सांगताना डॉक्टरांना वाक्य पुरं करता येईना. कंपाउंडर म्हणाला, "सर, तो मलापण फोन करून विचारत होता, हे सिरप आहे का गोळी."

पाच मिनिटांनी डॉक्टर डोळे पुसत पुन्हा फुग्याकडे वळले. काटा बघितला. "जास्त येतोय," म्हणाले. "आत्ता हसलात ना, म्हणून. हसल्यावर लगेच घेतलं की वर जातो. पाच मिनिटं अगदी गप्प बसा. बोलायचं नाही, हसायचं नाही."

आम्ही गप्प बसलो. मी भिंतीवरच्या हृदयाच्या तक्त्याकडे पाहिलं, डॉक्टर घड्याळाकडे. दोन मिनिटं झाली. बाहेर कंपाउंडर कुणाला तरी हळूच सांगत होता, "ठाण्याहून..."

पट्टा चार वेळा बांधावा लागला. फी एकाच वेळची घेतली.